बारा पितळी नॉब आणि एक लाल बटण

सोमवार, ३ फेब्रुवारी

ठरलं! लेथला कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे जोडायचा. ताईला जेवताना सांगितलं, तर म्हणते, "आधी त्या गॅलरीत पाय ठेवायला जागा कर, मग काय जोडायचं ते जोड." मी बावन्न वर्षांचा झालो तरी तिच्या लेखी अजून छोट्याच.

गंभीर यंत्रकामाची रोजच्या रोज नोंद ठेवावी म्हणतात, म्हणून ही दैनंदिनी. यात फक्त लेथबद्दल लिहायचं. बाकीचा फापटपसारा अजिबात नको.

तर लेथ. टेबलावर मावेल एवढंच. दिवसभर खाली दुकानात लोकांचे चष्मे करायचे आणि संध्याकाळी वर येऊन बंद गॅलरीत पितळ कातत बसायचं, हा माझा छंद. पितळेचा दांडा गरगर फिरत असतो. एका चाकाने कातायचं टूल लांबीत सरकवायचं, दुसऱ्याने आत-बाहेर, आणि टूल टेकलं रे टेकलं की सोनेरी कीस भुरभुर उडायला लागतो. अहाहा! एकच गोची आहे. माझ्या हातून दोन नग कधी एकसारखे होत नाहीत. बुद्धिबळाची प्यादी केली होती, ती बघून ताईने विचारलं होतं, "ही एकाच आईची लेकरं का?"

आणि शेजारच्या दुकानातल्या भरतकामवाल्या बाईंना हवेत बारा. हुबेहूब एकसारखे.

त्यांच्या कॉम्प्युटरवाल्या भरतकामाच्या मशीनला बारा सुया आहेत. प्रत्येक सुईच्या दोऱ्याचा ताण सांभाळायला वर एकेक प्लास्टिकचा नॉब. मशीन जुनं झालं, नॉब तडकले, आणि कंपनीने सुटे भाग द्यायचं बंद केलं. दोरा सारखा तुटतो. लेकीने गिऱ्हाईक शोधलंय, तो तेवीस तारखेला, रविवारी मशीन न्यायला येणार. मशीन गेलं की दुकान बंद, आणि बाई जाणार कायमच्या लेकीकडे, दूर. हे सगळं त्यांनी मला चष्म्याची काडी घट्ट करून घेता घेता सांगितलं. अगदी हसत. पण बोलताना पदराला चिकटलेला दोरा सारखा ओढत होत्या. हिरवा होता.

मी म्हटलं, "बारा नॉब? एवढंच ना?"

बोलून बसलो! पण शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही? शिवाय मला रस आहे तो लेथमध्ये. माझ्या हाताला नाही जमत ते कॉम्प्युटरच्या हाताला जमेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पार्सल आलं! दोन मोटरी, दातेरी पट्टे, कंट्रोलचा हिरवा बोर्ड आणि एक भलंमोठं लाल बटण. काही बिनसलं की ते दाबायचं, सगळं जागच्या जागी थांबतं.

आज लेथची दोन्ही चाकं काढली. त्या जागी मोटरी बसायच्या, म्हणजे माझे हात जे करत होते ते आता मोटरी करणार. काढलेली चाकं जरा वेळ मांडीवर घेऊन बसलो. इतकी वर्षं हातात धरलेली. ताई म्हणाली, "कपाटात ठेव हो, टाकू नकोस. कॉम्प्युटर रुसला तर लागतील."

रविवार, ९ फेब्रुवारी

बाई वर आल्या होत्या! म्हणजे, लेथच्या कामासाठीच. बोर्डाला जोडायला जुना लॅपटॉप हवा होता, तो त्यांच्याकडे निघाला. मी म्हटलं, ठेवून जा. त्या म्हणाल्या, "छे, याच्यात माझी सगळी फुलंपानं आहेत. लॅपटॉप जिथे, तिथे मी." त्यांच्या मशीनलाही अशाच मोटरी आहेत, कापडाची चौकट पुढेमागे सरकवणाऱ्या, त्यामुळे त्यांना यातलं बरंच कळतं. मोटरीचा आवाज ऐकून म्हणाल्या, "ही दुसरी कण्हतेय. पट्टा फार ताणलाय तुम्ही." सैल केला. कण्हणं बंद!

त्यांची एक पद्धत मला फारच आवडली. स्क्रू घट्ट बसला की त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची, अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यांच्या मशीनवर सगळीकडे अशा रेघा आहेत म्हणे. माझं अख्खं लेथ त्यांनी नटवून टाकलं.

ताई दारातून म्हणाली, "अरे वा, आता फक्त हळद लावायची राहिली."

लेथला हळद? ताईचं काहीतरीच.

नोंद: गॅलरीत एकच स्टूल होतं. दुकानातली गादीची खुर्ची वर आणून ठेवली. काम करताना माणसाची पाठ दुखू नये.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हुर्रे! चाललं! लॅपटॉपवरचं बटण दाबलं आणि कुणीही हात न लावता टूल स्वतःहून सरकलं! मी उड्या मारल्या. खोटं कशाला लिहू, बाईंचे दोन्ही हात धरून मारल्या. मग ध्यानात आलं, मग सोडले.

सरकलं ते उलट्या दिशेला, थेट चककडे, म्हणजे दांडा धरून फिरणाऱ्या त्या तीन दातांच्या जबड्याकडे. आम्ही उड्या मारण्यात दंग, आणि टूल चाललंय जबड्यात डोकं घालायला. ताईने काठीच्या टोकाने लाल बटण दाबलं म्हणून वाचलं! ती सकाळीच विचारून गेली होती, हे कशाचं म्हणून.

आजपासून ताईची लाल बटणाची अधिकारी म्हणून नेमणूक. ती स्टुलावर बसून काठी रोखून असते. बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे जिवात जीव आहे." तर ताई म्हणाली, "माझं लक्ष असतं हो. या घरात काय काय चाललंय त्यावर."

शनिवार, १५ फेब्रुवारी

आतबाहेर जाणाऱ्या स्क्रूमध्ये ढिलाई आहे. हाताने चालवायचो तेव्हा ती माझ्या बोटांना ठाऊक होती, तेवढं चाक मी आपसूक जास्त फिरवायचो. कॉम्प्युटरला काय कळतंय? दिशा बदलली की टूल क्षणभर नुसतंच उभं. तेवढी भर आता त्याला आकड्यात सांगून ठेवली. माझ्या बोटांची खुबी एका आकड्यात मावली! वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. का, तर बाई म्हणाल्या, "बोटांना जे कळतं ते आकड्यात मांडायला आधी बोटवाल्याला कळावं लागतं ना, चष्मेवाले."

हे वाक्य लेथसंबंधी आहे म्हणून लिहिलंय.

आज त्यांच्या खांद्यावर निळा दोरा. मी नवा सदरा घातला होता. पितळ कातताना जुना घालायचा असतो, हे मला चांगलं माहीत आहे. मग नवा का घातला, देव जाणे. जुना नीट घडी घालून समोरच ठेवला होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाईंच्या लेकीचा फोन आला होता, आम्ही काम करत असतानाच. "आई, सामान बांधायला घेतलंस का?" फोनमधून स्वच्छ ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, "घेते गं." फोन ठेवला. मग म्हणाल्या, "तिथे खिडकीतून झाडं दिसतात. चांगलं आहे तिथे."

मी म्हटलं, "झाडं काय, इथेही लावता येतील." इथे? कुठे? पायरीवर? माझं मलाच हसू आलं. त्याही हसल्या, पण मग चष्मा काढून पुसत बसल्या. काचा स्वच्छ होत्या. मीच सकाळी पुसून दिल्या होत्या.

नॉब झालेच पाहिजेत. झालेच पाहिजेत! लेथची अब्रू पणाला लागली आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

फजिती! नॉबची सगळी मापं मी घेऊन दिली, बाईंनी ती भराभर टाइप केली. पितळ वाया जायला नको म्हणून आधी जाड मेणबत्तीवर करून बघू म्हटलं. चकमध्ये मेणबत्ती लावली, ताई काठी सरसावून बसली, चालू केलं. टूल मेणात शिरलं, आणखी शिरलं, शिरतच राहिलं. थांबलं तेव्हा नॉब तयार झाला होता, पण एखाद्या उंदराच्या रेडिओला बसेल एवढा! जाडी निम्मी. ताई म्हणाली, "वात तेवढी शिल्लक ठेवलीत, उपकार झाले."

मी पोट धरून हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. "मीच काहीतरी चुकीचं टाइप केलं," एवढंच म्हणाल्या आणि लॅपटॉप घेऊन खाली गेल्या. परवा रविवार.

अंथरुणाला पाठ टेकली आणि ताडकन उठून बसलो. चूक त्यांची नाहीच! माझी आहे! चष्म्याच्या काचेचा बाक आम्ही त्रिज्येत बोलतो. आयुष्यभर तीच सवय. नॉबचं प्रत्येक माप मी मध्यापासून कडेपर्यंत लिहून दिलं, आणि लेथ ते आरपार जाडी समजून कातत बसलं. मग निम्मं नाही होणार तर काय?

सांगायचं का त्यांना? नको. उगाच "तुमचं चुकलं, माझं चुकलं" होत बसेल. आकडे माझ्या पेन ड्राइव्हमध्येही आहेत. सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळे दुप्पट करून टाकतो, अवाक्षर बोलत नाही. संध्याकाळी नॉब बरोब्बर निघेल, त्यांना वाटेल काल मेणबत्तीनेच दगा दिला. चेहरा फुलेल. वा रे पठ्ठे!

शनिवार, २२ फेब्रुवारी

काय लिहू आणि किती लिहू! अक्षर वाकडंतिकडं येतंय, पण हसून हसून.

संध्याकाळी बाई आल्या. चेहरा एकदम शांत, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडवलेलं. मीही अगदी साळसूद. "मेणबत्ती नको," म्हटलं, "थेट पितळच लावू." "लावू की," त्या म्हणाल्या, "आज होणारच." मला वाटलं, बघा, किती विश्वास!

पेन ड्राइव्ह लावला. चालू. पितळ गरगर फिरतंय, टूल डौलात पुढे आलं, आणि हवेतच थांबलं. मग हवेतच डावीकडे गेलं. हवेतच वळण घेतलं. दांड्यापासून चांगलं बोटभर लांब राहून त्याने नॉबचा अख्खा आकार हवेत कातला, एक कणही न उडवता, आणि ऐटीत घरी परत गेलं. पितळ आपलं कोरं करकरीत.

"हे कसलं?" ताईने विचारलं. "आरती ओवाळली का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईही पांढऱ्याफटक. मग आम्ही दोघं एकदमच बोललो. मी म्हटलं, "सगळे आकडे मी दुप्पट केलेत!" आणि त्या म्हणाल्या, "सेटिंग मी त्रिज्येवर टाकलंय!"

त्यांनाही रात्री उमगलं होतं! चष्मेवाला माणूस, त्रिज्येतच लिहिणार. पण मला सांगायचं जिवावर आलं, मापाच्या माणसाला माप चुकलं म्हणून कसं सांगणार? म्हणून लॅपटॉपमध्ये गुपचूप सेटिंग बदललं. आणि मी इकडे त्यांना वाईट वाटायला नको म्हणून गुपचूप आकडे दुप्पट करून बसलो! एकाच चुकीला दोघांनी दोन औषधं दिली.

बाई हसायला लागल्या. खुर्चीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही. ताई एकटीच गंभीर. म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोलत का नाही रे? वेळ वाचेल."

"तुम्ही बदलू नका आता काही," मी म्हटलं. "नाही, तुम्हीच हात लावू नका," त्या म्हणाल्या. शेवटी ताईच्या साक्षीने ठरलं, सेटिंग त्यांनी पूर्ववत करायचं आणि मी दोन्ही हात खिशात घालून उभं राहायचं. पुन्हा चालू केलं. टूल आलं, टेकलं, आणि सोनेरी कीस असा उडाला म्हणता! नॉब निघाला. मग दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले. चिमट्याच्या मापाने मोजले, भिंगाखाली धरले. एकसारखे! माझ्या घरात, माझ्या गॅलरीत, दोन एकसारखे नग! मी ताईच्या पायाच पडलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

मशीन नेणारा ठरल्या वेळेच्या आधीच उगवला. वर अजून तीन नॉब व्हायचे होते. शिवाय प्रत्येकाला आतून आटे पाडायचे, ते हातानेच. माझी बोटं उगाच रुसली होती, कामाला अजून लागतात ती.

ताई म्हणाली, "याला मी बघते." खाली गेली, माझं दुकान उघडलं, त्या भल्या माणसाला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. ताईला चष्म्यातलं ओ की ठो कळत नाही! तरी त्याला आधी डावा डोळा झाकायला लावला, मग उजवा, मग दोन्ही. बिचारा दोन्ही डोळे झाकून बसला होता, तेवढ्यात आमचा बारावा नॉब निघाला.

बसवले बाराच्या बारा. बाईंनी दोरे ओवले. मशीन सुरू झालं आणि पांढऱ्या कापडावर फूल उमलायला लागलं, एकामागून एक रंग, बारा रंग, आणि एकही दोरा तुटला नाही! बाई मशीनवर हात ठेवून उभ्या होत्या, ताप गेलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. तो माणूस म्हणाला, "अहो, हे तर चालतंय. भंगारात कशाला, चालू मशीनच घेतो, बोला." बाई म्हणाल्या, "चालतंय, म्हणूनच द्यायचं नाही."

मग लेकीला फोन लावला. "नाही गं, नाही येत. म्हणजे येईन, चार दिवस राहीन, झाडं बघेन आणि परत येईन." मी दाराबाहेर उभा होतो. जिवात जीव आला. लेथची अब्रू वाचली, म्हणून.

तो माणूस चष्मा करायला टाकून गेला. नंबर खरंच होता त्याला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

लेथ उत्तम. नोंद करण्यासारखं काही नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

लेथ उत्तम चालतंय. बाईंनी फुलंपानं काढून घेऊन लॅपटॉप मलाच देऊन टाकलाय. एकामागून एक बारा प्यादी केली, सगळी एकसारखी. कुणाला दाखवणार? ताईला दाखवली. "छान आहेत," म्हणाली, आणि माझ्याकडेच बघत राहिली.

मला काय झालंय कळत नाही. जे हवं होतं ते झालं. मी तर हवेत तरंगायला पाहिजे. गादीची खुर्ची रिकामीच पडून आहे. बाई दुकानात दिसतात, मान हलवतात, कामात असतात. मशीन दिवसभर चालू असतं, भिंतीतून आवाज येतो. चांगलंच आहे की. वर कशाला येतील आता? काम संपलं.

काम संपलं! हे लिहिताना घशात आवंढा आला. लेथबद्दलच्या नोंदीत आवंढ्याचं काय काम?

अरे देवा. मला कळलं.

बावन्न वर्षांचा घोडा मी, जगाला नीट बघायला शिकवतो, आणि मला स्वतःला आत्ता, या क्षणी दिसलं. ताईला हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ती हळदीचं जे म्हणाली ते लेथबद्दल नव्हतंच!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मी आज एक काम केलं. लिहायलाही लाज वाटतेय, पण हसूही येतंय. दुसऱ्या मोटरीचा स्क्रू पाना लावून अर्धा फेरा सैल केला. पट्टा घसरायला लागला. मग खाली जाऊन बाईंना म्हटलं, "लेथ बिघडलंय. जमलं तर बघता का?"

म्हणाल्या, "उद्या येते." लगेच म्हणाल्या! कापडावरून मानही न उचलता, पण लगेच.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आल्या. खांद्यावर लाल दोरा. खुर्चीत बसल्या नाहीत, सरळ लेथपाशी गेल्या, ते चालू केलं, वाकून मोटर बघितली आणि तशाच थांबल्या. नेलपॉलिश! नेलपॉलिशची रेघ मी साफ विसरलो होतो!

"चष्मेवाले, ही रेघ तुटलीय."

"हो का? आपोआप सैल झाला असेल. चालताना थरथरतं ना मशीन."

"थरथरीने? बरोब्बर अर्धा फेरा?"

"मोठी थरथर असते," मी म्हटलं. कान तापले होते. ताई स्टुलावर बसून काठीशी चाळा करत होती, जणू तिचं लक्षच नाही.

बाई सरळ उभ्या राहिल्या. मग मूठ पुढे करून उघडली. तळहातावर एक पितळी नॉब होता. आम्ही केलेल्या बारांतला.

"माझ्याही मशीनचा निघाला," म्हणाल्या. "आज सकाळी. आपोआप. मी तो घेऊन वर येणारच होते, तुम्ही बोलावलं नसतं तरी."

मी तो हातात घेतला. आटे शाबूत, कुठे ओरखडा नाही. हा नॉब काढायचा तर चांगले आठ-दहा फेरे उलटे फिरवावे लागतात, आटे मीच पाडलेत.

"इतके फेरे कोणी फिरवले?" मी विचारलं.

"थरथरीने," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते दडवलेलं होतं ना, ते सगळं बाहेर आलं.

पुन्हा दोघांनी एकच केलं होतं! गुपचूप! मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. बहुतेक म्हणालो, की बाई, मला लेथ चालू असो वा बंद, तुम्ही इथे असायला हव्या आहात, रोज, त्या खुर्चीत. असंच काहीतरी बोललो असेन, कारण त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मग हे आधी सांगायचं की हो."

लेथ मागे रिकामंच फिरत होतं. ताईने घसा खाकरला आणि काठी उचलून लाल बटणावर रोखली.

"काय रे छोट्या, थांबवू का?"

"नको!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

स्क्रू अजून सैलच आहे. उद्या घट्ट करू, दोघं मिळून.